आधी लांबचा कोपरा

लेव्हलमामाला चहाला बोलावणाऱ्याला आपल्या टेबलाची काळजी घ्यावी लागे. मामा खुर्चीत बसायचा, कप समोर ठेवायचा आणि एक डोळा बारीक करून कपातल्या चहाच्या कडेकडे बघायचा. मग हळूच म्हणायचा, "टेबल डावीकडे उतरतंय." यजमान ओशाळायचा. मामा खिशातून कागदाचा तुकडा काढायचा, त्याची घडी टेबलाच्या पायाखाली सारायचा आणि मगच पहिला घोट घ्यायचा.

उभं आयुष्य त्याने फरश्या बसवल्या. रुग्णालयांच्या, दुकानांच्या, शाळांच्या, कुणाकुणाच्या स्वयंपाकघरांच्या. सगळं काम गुडघ्यांवर बसून. त्यामुळे हात अजून तरुण आणि गुडघे म्हातारे, असा तो एकाच वेळी दोन वयांचा होता. लग्न केलं नाही. मित्र सांगत, तरुणपणी एका घरी लग्नाचं बोलायला गेला आणि मुलीऐवजी फरशी बघून परत आला. मामा हे नाकारत नसे. "फरशी खरंच वाईट होती," एवढंच म्हणे.

'नाचता येईना, अंगण वाकडं' ही म्हण त्याला अजिबात मान्य नव्हती. तो विचारायचा, "कुणी जाऊन अंगण तपासलं का? आधी लेव्हल लावा, मग नाचणारीला नावं ठेवा."

स्वतःला मात्र तो असली सवलत देत नसे. एखादी टाइल केसभर वर राहिली, की उचलायचा, खालचा माल खरवडायचा आणि पुन्हा बसवायचा. मुकादम ओरडायचा, "कोण बघणार आहे रे?" मामा म्हणायचा, "बघणार कोणी नाही. अनवाणी चालणाऱ्याला कळेल."

हातातलं काम सुटल्यावर तो आपल्या तळमजल्यावरच्या खोलीत सुखाने राहत होता. त्याच इमारतीत दोन मजले वर त्याची भाची राहायची. ती रुग्णालयात नर्स होती. तिचा नवरा मालट्रक घेऊन लांबलांब जायचा आणि घरी पाहुण्यासारखा यायचा. त्यांची एकुलती एक मुलगी भिंगरी, सहावीत. खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं. जिन्यात, घरात आणि मैदानावर ती भिंगरीच. जिना तिने कधी एकेक पायरीने उतरलेला कुणी पाहिला नव्हता. वरून गडगडाट झाला, की मामा दाराबाहेर ठेवलेली चपलांची जोडी आत ओढून घ्यायचा.

एके दिवशी मात्र जिन्यात गडगडाट झाला नाही. भाची भिंगरीचा हात धरून खाली आली.

"मामा, ही नापास झाली."

"कशात?"

"गणितात. भोपळ्याच्या शेजारच्या घरात राहते ही."

"चार मिळालेत," भिंगरी म्हणाली.

"पंचवीसपैकी! आणि वर तोंड करून सांगते." भाची खुर्चीवर टेकली. "आता खेळाचे सर म्हणतात, पुढच्या चाचणीत गणितात पास झाली नाही, तर रिलेच्या संघातून नाव काढणार. शाळेचा नियमच आहे."

इतका वेळ छताकडे बघणारी भिंगरी एकदम खाली बघायला लागली. चार जणींच्या त्या संघात बाकीच्या तिघी आठवीतल्या होत्या. सहावीतली ही एकटीच, आणि शेवटचा टप्पा तिचा. तिच्या आयुष्यात एवढी मोठी गोष्ट याआधी घडली नव्हती.

"नियम बरोबर आहे," मामा म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की दुसरा कोणी असता तर शब्द गिळले असते.

"मामा, माझी दुपारपाळी. हिचे बाबा रस्त्यावर. तू दुपारी घरीच असतोस. हिला जरा बसव. तुझ्यासमोर हूं की चूं करणार नाही."

"मला सहावीचं गणित येत नाही."

"शिकवू नकोस. शिकवायला बाई आहेत. नुसतं बसव. ही बसतच नाही, तिथेच घोडं पेंड खातंय."

"मी बसते की," भिंगरी म्हणाली.

"किती वेळ?" मामाने विचारलं.

"तहान लागेपर्यंत."

"आणि तहान कधी लागते?"

"बसल्यावर."

मामाने काम घेतलं. आणि काम घेतलं म्हणजे घेतलं. त्याने आधी जागा बघितली. टेबल खिडकीपाशी असं सरकवलं, की उजेड डावीकडून यावा आणि हाताची सावली कागदावर पडू नये. रेडिओ उचलून कपाटावर ठेवला. पाण्याचा तांब्या आणि पेला टेबलावरच आणला, म्हणजे तहानेची सबब संपली. मग चष्मा लावून तिचं गणिताचं पुस्तक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, पानांच्या कडा बघितल्या. पहिल्या धड्याची पानं मळून काळी झालेली. दुसऱ्याची थोडी कमी. तिथून पुढे पुस्तक कोरं करकरीत.

मामा मनात म्हणाला, असं आहे होय! ही दर वेळी दारातच फरशी लावत बसते.

फरशीच्या कामाचा एक नियम आहे. सुरुवात लांबच्या कोपऱ्यापासून करायची आणि मागे मागे सरकत दाराकडे यायचं. नवखा माणूस दारापासून सुरुवात करतो, जोरात पुढे जातो आणि शेवटी समोरच्या कोपऱ्यात उभा राहतो. पुढे सगळी ओली फरशी, मागे भिंत. बाहेर पडायचं तर आपल्याच कामावर पाय द्यायचा. मामाने असे पुष्कळ अडकलेले पाहिले होते.

"तू दर वेळी पहिल्या धड्यापासून सुरू करतेस आणि पहिल्यातच दमतेस," तो भिंगरीला म्हणाला. "आपण शेवटापासून घेऊ. शेकडेवारी. सगळ्यात अवघड तेच आहे ना? ते आधी उरकू. मग दाराकडे येत येत सोपंच राहील."

भिंगरीला हे फार हुशारीचं वाटलं. आजवर तिला कोणीच पुस्तक शेवटापासून उघडायला सांगितलं नव्हतं.

आणि बसणं जमलं, हे कबूल केलं पाहिजे. शाळेतून आली, की हात-पाय धुवायचे, बिस्किटं खायची आणि टेबलाशी बसायचं. एक उदाहरण पुरं होऊन उत्तर आल्याशिवाय उठायचं नाही. पहिले काही दिवस ती बाणासारखी ताठ बसली. पण नव्याचे नऊ दिवस. पुढे ती बसायची तेवढी, काम मात्र हलायचं नाही. पेन्सिल फिरवायची, खिडकीच्या चौकटीवरच्या मुंगीची वाट अडवायची, उदाहरण पुन्हा पुन्हा वाचायची.

"मन लाव," मामा म्हणायचा.

"लावलंय."

"कुठे?"

"इथेच कुठेतरी होतं."

मामाला वाटलं, पोरगी कष्टाला कच्ची आहे. त्याने आवळलं. आधी एक उदाहरण होतं, त्याची दोन केली. आणि काय आश्चर्य, आठवडाभरात उत्तरं यायला लागली! पटापट. बरोबर. मामा पुस्तकाच्या मागच्या पानांशी ताडून बघायचा आणि खूश व्हायचा. भाचीला म्हणाला, "लागली वळणाला." मित्रांना म्हणाला, "कोपरा झाला. आता दाराकडे यायचं."

पण माणसाची सवय जात नाही. टाइल बसवून वाळली, की मामा थापीच्या मुठीने तिच्यावर ठोकून बघायचा. खाली माल नीट भरला असेल, तर टणक आवाज येतो. खाली पोकळ असेल, तर भद्द. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. एक दिवस भिंगरी वही मिटत होती. मामाने सहज एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे बारा टक्के कुठून आले?"

भिंगरीने ओळ बघितली. मग मामाकडे. मग मुंगीकडे.

"मागून."

"मागून म्हणजे?"

"मागच्या पानावरून."

मामाने चष्मा काढला.

"रोज?"

"सोमवारी नाही. सोमवारी मी प्रयत्न केला होता."

"मला फसवलंस."

"मग काय करू?" भिंगरी उसळली. "तुम्हीच म्हणालात ना, उत्तर आल्याशिवाय उठायचं नाही! मला येतच नव्हतं. मी काय इथे बसून म्हातारी होऊ? आणि सगळं तुमच्या म्हणण्यानं केलं तरी मी नापासच होणार, आणि माझ्या जागी ती आठवीतली लंबू पळणार!"

दार आपटलं. जिन्यात गडगडाट झाला, पण या वेळी खालून वर.

थोड्या वेळाने मामाचे दोन मित्र नेहमीसारखे चहाला आले. एक गवंडी, उंच, किडकिडीत आणि भिंत तपासायच्या दोरीसारखा सरळ, म्हणून त्याला सगळे ओळंबा म्हणत. दुसरा प्लास्टरवाला, तो कधी सरळ बोलला आहे असं कुणाला आठवत नव्हतं. मामाने चहा ठेवला, पण कपाकडे एक डोळा बारीक करून बघितलं नाही. तेवढ्यावरून दोघांना कळलं, की काहीतरी बिघडलंय. मामाने सगळं सांगितलं.

"थांब," ओळंबा म्हणाला. "सुरुवात कुठून केलीस?"

"शेवटच्या धड्यापासून."

"का?"

"का म्हणजे? लांबचा कोपरा आधी. नाहीतर अडकायला होतं."

"बरोबर आहे त्याचं," प्लास्टरवाला म्हणाला. "मीही छतापासून खाली येतो. खालून वर गेलं, तर केलेल्या कामावर शिंतोडे उडतात."

ओळंब्याने कप खाली ठेवला. "तुम्ही दोघं आयत्या बिळावरचे नागोबा! मी भिंत उभी करून देतो, मग तुम्ही खुशाल कोपऱ्यातून या, नाहीतर छतावरून उतरा. माझी एक वीट हवेत ठेवून दाखवा ना."

"वीट कुठून आली मध्येच?"

"अरे, तुझ्या टाइलला शेजारच्या टाइलची गरज नसते. वरच्या विटेला खालची लागते. त्या पोरीला तू वरची वीट दिलीस आणि म्हणालास, ठेव. कशावर ठेवू? तर म्हणे, ठेवल्याशिवाय उठायचं नाही!"

"गणित म्हणजे भिंत, हे तुला कुणी सांगितलं?" मामाही पेटला. "तू तर चौथीत शाळा सोडलीस."

"चौथीत सोडली म्हणूनच सांगतो. पाचवी कशावर ठेवायची, तेच मला कळेना."

प्लास्टरवाल्याने बिस्कीट चहात बुडवलं आणि ते पडलं.

दुसऱ्या दिवशी भिंगरी आली नाही. मामाने बिस्किटं बशीत काढून ठेवली, वाट पाहिली, मग बिस्किटं पुन्हा डब्यात ठेवली. आणि ज्या जिन्याकडे त्याने कित्येक दिवसांत नुसतं मान वर करून बघितलं होतं, त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. कठडा धरून, गुडघ्यांना शिव्या घालत, मध्ये थांबून दम खात तो दोन मजले चढला.

भिंगरीने दार उघडलं. "तुम्ही? वर?"

"आधी पाणी दे."

पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "मी चुकीच्या बाजूने सुरुवात केली. ती चूक माझी. मागच्या पानावरून उतरवलंस, ती तुझी. आता दोन्ही उखडू."

"उखडू म्हणजे?"

"पुस्तकं आण. या वर्षाचं, गेल्या वर्षाचं, त्याच्या आधीचं. असतील तेवढी. मी विचारत मागे मागे जातो. येत असेल तर सांग. येत नसेल तर नुसतं 'भद्द' म्हण."

भिंगरीला हसू आलं. रागात कितीही पक्की असली, तरी 'भद्द' म्हणायची संधी सोडणारी ती नव्हती. तिने पलंगाखालून जुनी पुस्तकं ओढून काढली.

"शेकडेवारी?"

"भद्द."

"अपूर्णांकांचा भागाकार?"

"भद्द."

"अपूर्णांकांची बेरीज?"

"भद्द! छेद सारखे असले, तर येते."

"मग अर्धं भद्द. मोठा भागाकार?"

ती थांबली. हे पुस्तक चौथीचं होतं. "भद्द," ती अगदी हळू म्हणाली.

"गुणाकार?"

"येतो."

मामाने एक घातला. तिने करून दाखवला. दुसरा घातला, तोही केला.

"पाढे?"

पाढे तिने इतक्या वेगात म्हटले, की मामाला मध्ये हात वर करावा लागला. ती पाढे जिना उतरताना पाठ करायची, हे त्याला त्या दिवशी कळलं.

"इथपर्यंत पक्कं आहे," त्याने चौथीच्या पुस्तकावर हात ठेवला. "इथून वर चढवत जाऊ. उद्यापासून भागाकार."

"मामाआजोबा, चौथीचं पुस्तक? खिडकीतून कुणी बघितलं तर?"

"कव्हर घाल."

तिने घातलं. सहावीच्या भूगोलाचं घातलं. त्यातून पुढचा घोटाळा झाला. दोन-तीन दिवसांनी भाची सुट्टी होती म्हणून खाली डोकावली आणि लेकीच्या हातात भूगोल बघून दारातच थबकली.

"गणितात बुडतेय आणि भूगोल वाचते?"

"भूगोल नाहीये, आई."

भाचीने पुस्तक उघडलं. भूगोल असता तर बरा, अशी तिची अवस्था झाली.

"मामा! परीक्षा तोंडावर आलीय आणि तू हिला चौथीत बसवलंस?"

"मी नाही बसवलं. ती तिथेच उभी होती. कुणी बघितलं नव्हतं."

"आणि वेळ नाही पुरला तर?"

"तर वरचा थर राहील. शेवटचा धडा सुटेल."

"आणि ही रिलेला मुकेल!"

"मुकेलही," मामा म्हणाला. त्याला खोटा धीर देता येत नसे. "पण आधी जे चाललं होतं, त्यात ती नक्की मुकली असती."

भाचीने लेकीकडे पाहिलं. "तुला काय वाटतं गं?"

भिंगरीने एक कोरा कागद ओढला, एक लांबलचक भागाकार मांडला आणि जीभ दातांत धरून सोडवायला लागली. एकेक आकडा खाली उतरवत गेली. शेवटी कागद आईपुढे सरकवला. "बाकी तीन. आई, बाकी कुठून येते ते आत्ता कळलं मला. आधी मी ती अशीच लिहायचे, कुठली तरी."

भाची दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन गणिताच्या बाईंना भेटली. बाई म्हणाल्या, "मलाही भागाकाराचीच शंका होती. पण तपासायला तुमची मुलगी समोर थांबली तर पाहिजे! घंटा झाली, की ही मैदानात." त्यांनी भागाकारापासून अपूर्णांकांपर्यंत, सोप्याकडून अवघडाकडे जाणारी उदाहरणं काढून दिली. मामाने ती वाचली आणि म्हणाला, "बाईंचा हात चांगला आहे. एकावर एक बरोबर बसतंय."

आता भिंगरीला जोर चढला. पण तिचा जोर म्हणजे पूर. टेबलाशी बसताच म्हणाली, "आज पाच पानं!"

"माल किती कालवतेस ते बघ," मामा म्हणाला.

"म्हणजे?"

"सिमेंट-वाळूचा माल कालवला, की तो थांबत नाही. हात पोचतो तेवढाच कालवायचा. जास्त कालवला, तर घमेल्यातच त्याचा दगड होतो. मग तो ना फरशीला लागतो, ना भिंतीला."

"पाच पानं होतात हो!"

"बघ बुवा."

दुसऱ्या पानाच्या शेवटी तिचे खांदे पडले. तिसऱ्याच्या मध्यावर आकडे वाकडे यायला लागले. चौथ्यावर ती रडकुंडीला आली आणि पुस्तक ढकलून म्हणाली, "मला काहीच येत नाही."

"दोन पानं आली की," मामा म्हणाला. "उरलेल्याचा दगड झाला, एवढंच. उद्या किती?"

"एक," ती फुरंगटून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एक पान झालं आणि उजेड अजून भरपूर होता. तिने मान वर केली. "अजून घेऊ?"

"तुझं तू ठरव. पण घेतलंस की संपव."

तिने चारच उदाहरणं घेतली आणि संपवली. तेव्हापासून रोजचं माप ती स्वतः ठरवायला लागली. कधी चुकायची, पण हळूहळू अंदाज बसला. उठताना पेन्सिलीला टोक करायचं, टेबल पुसायचं आणि उद्याचं पान उघडून ठेवायचं, हेही ठरलं. मामा म्हणायचा, थापी धुतल्याशिवाय जेवायचं नसतं. वाळलेला माल दुसऱ्या दिवशी हातोडीनेही निघत नाही.

एकदा मैदानावरून ती इतकी दमून आली, की टेबलावर डोकं ठेवून झोपलीच. मामाने थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं. मग टिचकी मारली.

"ऊठ. एक उदाहरण."

"आज नको ना, मामाआजोबा."

"एकच. सोपं घे हवं तर. दिवस कोरा नको."

तिने डोळे अर्धे मिटून एक उदाहरण केलं. चुकलं. तिनेच खोडलं आणि पुन्हा केलं.

चाचणीच्या दिवसापर्यंत अपूर्णांक चढवून झाले. शेकडेवारी अर्धीच झाली. मामा त्या दिवशी उगीच खोलीतल्या खोलीत फिरत होता. ओळंबा म्हणाला, "अरे, बस. परीक्षा तिची आहे." मामा बसला आणि पुन्हा उठला.

भिंगरी आली. "शेवटचा प्रश्न अर्धा केला. अर्धा येत नव्हता, सोडला. बाकीचे सगळे ठोकून बघितले."

"म्हणजे?"

"भागाकार झाला, की गुणून बघितलं. एक भद्द निघाला. दुरुस्त केला."

मामाने तोंड फिरवून खिडकीची कडी तपासली. कडीला काहीही झालेलं नव्हतं.

निकालाच्या दिवशी भाची मुद्दाम रजा काढून खाली येऊन बसली होती. भिंगरी धापा टाकत आली आणि पेपर टेबलावर आपटला. चौदा. पास. भाचीने तिला मिठीत घेतलं, पापे घेतले, केस विस्कटले, मग पुन्हा नीट केले.

मामाने चष्मा लावला. "अकरा कुठे गेले?"

"मामा!" भाची ओरडली. "पास झाली ती!"

"झाली ना. म्हणूनच विचारतोय. नापास झाली असती, तर कशाला विचारलं असतं?"

पण भिंगरीला राग आला नव्हता. ती पेपरावर वाकली. "हे पाच शेकडेवारीचे, ते सोडलेच होते. हे तीन घाईचे, चिन्ह चुकलं. हा एक मी पायऱ्या दाखवल्या नाहीत म्हणून बाईंनी कापला. आणि हे दोन मला आत्ताही येत नाहीत. ते बाईंना विचारणार आहे."

मामाने मान डोलावली. चौदांपेक्षा त्याला हे अकरा जास्त आवडले. आपल्या कामात पोकळ कुठे आहे, हे ज्याला ठाऊक असतं, त्याच्यामागे लागावं लागत नाही. पण हे तो बोलला नाही. बोलला असता, तर पोरगी चढून बसली असती.

रिलेच्या दिवशी मैदानाच्या बाकावर मामा, ओळंबा, प्लास्टरवाला आणि भाची ओळीने बसले होते. पहिल्या मुलीने बरी सुरुवात केली. दुसरीने दांडी घेताना गडबड केली आणि संघ मागे पडला. तिसरीने थोडं भरून काढलं. भिंगरीच्या हातात दांडी आली, तेव्हा पुढे दोघी होत्या.

आणि लेव्हलमामा, जो मुकादमाशी भांडतानाही आवाज चढवत नसे, तो बाकावर चढला. त्या गुडघ्यांनी. कसा चढला, हे ओळंब्याला आणि प्लास्टरवाल्याला पुढे कितीतरी दिवस एकमेकांना सांगता आलं नाही.

"पळ!" मामा ओरडला. "पळ गं! पळ!"

"अहो, पडाल," शेजारचा माणूस म्हणाला.

"पळ!" मामा त्याच्याच कानात ओरडला.

भिंगरीने एकीला वळणावर मागे टाकलं. दुसरीला गाठता गाठता रेषा आली. दुसरा नंबर. भिंगरी गवतावर आडवी झाली, उठली, पुन्हा आडवी झाली. लांबून ती हसतेय की रडतेय, हे कळत नव्हतं. जवळ गेल्यावर कळलं, ती विचारत होती, "पुढची शर्यत कधी आहे?" सर म्हणाले, "पुढच्या सत्रात. आणि त्याआधी चाचणी आहे, लक्षात आहे ना?" ती म्हणाली, "आहे."

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला खाली आली. मामाने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. त्याने खाकरून पुन्हा प्रयत्न केला. मांजर फिस्कारल्यासारखं काहीतरी झालं.

"आवाज बसलाय तुमचा," भिंगरी म्हणाली. तिने त्याच्यासाठी पाणी कोमट करून आणलं, हात-पाय धुतले, बिस्किटं संपवली आणि टेबलाशी बसली. मामाने बोटाने पुस्तकाकडे खूण केली. तिने पुस्तक आधीच उघडलं होतं. मामाने बोटं वर करून विचारलं, किती? तिने माप आधीच ठरवलं होतं. मामाने खुर्ची सरकवली, पुन्हा सरकवली आणि शेवटी हात मांडीवर ठेवून गप्प बसला. करण्यासारखं काही नव्हतं. खोलीत पेन्सिलीचा आवाज तेवढा येत होता.

बऱ्याच वेळाने भिंगरीने मान वर न करता म्हटलं, "मामाआजोबा."

मामाने भुवया उंचावल्या.

"पुढच्या शर्यतीलाही असंच ओरडा हं. दुसऱ्या दिवशी अभ्यास फार छान होतो."